टनांच्या मुलखातली रेड वाइन

रेड वाइन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? युरोपातली एखादी टेकडी, लाकडी पिंपं आणि मंद उजेडातलं डिनर. आणि बारामती-इंदापूर म्हटलं की? ऊस, साखर कारखाना आणि राजकारण! या दोन गोष्टी एका वाक्यात बसतात, असं मी ऑफिसात काम करणाऱ्या मित्रमंडळींना सांगितलं, तर निम्म्यांना ती थट्टा वाटली.

थट्टा नाही, फ्रेंड्स. पुण्याहून सोलापूर हायवेला लागा, पाटसला उजवीकडे वळा आणि रोटी, बारामती, इंदापूर करत नीरा नदी ओलांडून अकलूजला पोचा. हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. याच रस्त्याच्या दोन टोकांना गेल्या वीसेक वर्षांत दोन वाइनरीज उभ्या राहिल्या. मधे माझ्या मामाचं गाव लागतं, म्हणून मी हा वीकएंड जरा लांबवलाच.

रोटीला युनायटेड स्पिरिट्सनं फोर सीझन्स ही वाइनरी उभारली. आजूबाजूला माळरान आणि मधेच फ्रेंच महालासारखी इमारत! २०१८-१९च्या सुमारास ती ग्रोव्हर झाम्पाकडे गेली. अकलूजची फ्रातेली ही त्याहून रंगतदार स्टोरी. फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इथे भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या : इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन करायला टस्कनीहून पिएरो मासी आले. त्यांची नावाजलेली रेड वाइन म्हणजे सेत्ते. सेत्ते म्हणजे सात : सहा भाऊ आणि सातवे मासी. ज्या घराण्याचं नाव साखर कारखान्यावर आहे, त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीनं टस्कनीतलं सांजोवेसे द्राक्ष माळशिरस तालुक्यात लावलं. सॉलिड ना?

पण खरा फंडा वेगळाच आहे. आपल्याकडे शेतकऱ्याची इज्जत टनात मोजतात. एकरी शंभर टन ऊस काढला की गावात फ्लेक्स लागतो. खायची द्राक्षं असली तरी एकरी दहा-बारा टनांची भाषा. चांगली रेड वाइन मात्र नेमकी उलटी मागणी करते : कमी पिकव!

स्पेनचंच बघा. तिथल्या रिओखा भागातली तेंप्रानियो द्राक्षाची रेड वाइन जगभर जाते. (तेंप्रानो म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं, म्हणून हे नाव. आपल्याकडे नाशिकच्या चारोसानंही त्याची वाइन केली.) रिओखाच्या नियमानुसार लाल द्राक्षाचं पीक हेक्टरी साडेसहा हजार किलोंच्या वर नेता येत नाही. एकराच्या हिशेबात फक्त सव्वीस क्विंटल! वेलीवर घड कमी राहिले की प्रत्येक मण्यात साखर, रंग आणि चव दाटून येते. रेड वाइनचा रंग आणि तो जिभेवरचा तुरटपणा येतो सालीतून, म्हणून मणी बारीक आणि साल जाड हवी. एका बाटलीला किलोभराहून थोडी जास्तच द्राक्षं लागतात. आता हिशेब करा.

त्यात आपलं हवामान वेगळं. स्पेनमधली वेल थंडीत झोपते आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरला येतं. आपली वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी आणि काढणी जानेवारी ते मार्च. पाऊस लांबला की भुरी आणि डावणी हजर. या आघाडीवर बारामती तालुक्याच्या शेजारीपाजारी नव्हे, तर खुद्द तालुक्यातच काम झालंय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं शेत होळ गावात आहे. या संस्थेनं एआरआय-५१६ हे काळं संकरित द्राक्ष तयार केलं. ते बुरशीला चांगलं तोंड देतं आणि ज्यूस, बेदाणा, जॅम, रेड वाइन सगळ्याला चालतं.

मग सगळे वाइनची द्राक्षं का लावत नाहीत? हे मी मामाला विचारलं. तो उसाच्या बांधावर उभा होता.

‘‘पोरी, खायची द्राक्षं व्यापाऱ्यानं नाकारली तर बेदाणा करता येतो. ऊस तर कारखाना नेतोच. वाइनची द्राक्षं वाइनरीनं नाही घेतली, तर काय करू? बारीक मणी, आत बिया. बाजारात कोण विचारणार?’’

मामाची भीती हवेतली नाही. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला करात सवलत दिली आणि अनेकांनी काबर्ने, शिराझच्या बागा उभ्या केल्या. मग २००८ ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्यांमध्ये वाइन पडून राहिली आणि कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. आपण ग्लास फिरवून ‘नोज’ आणि ‘बॉडी’वर बोलतो, तेव्हा हेही आठवावं. कमी पिकवण्याची रिस्क कुणीतरी घेतलेली असते. ती रिस्क परवडायची, तर बाटलीला भाव आणि शेतकऱ्याला पक्का करार, दोन्ही हवेत. दुसरं आपल्या हातात नाही, पहिलं थोडंफार आहे.

तर जायचं असेल तर काढणीच्या दिवसांत जा, आधी फोन करून. गाडी चालवणाऱ्यानं टेस्टिंगला सुट्टी घ्यावी. बाटली घेताना लेबलवर द्राक्षाचं नाव आणि साल बघा. घरी आल्यावर ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला’ हा सल्ला विसरा, कारण आपल्या मे महिन्यातली रूम म्हणजे भट्टी. वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सोबत सुकं मटण असू द्या, पण तिखट जरा बेतानं, नाहीतर वाइनचा तुरटपणा अंगावर येतो.

आणि वाइनरीच्या टूरवर सगळे सेल्फी काढत असताना गाइडला एक प्रश्न जरूर विचारा : ‘‘या बागेत एकरी किती टन काढता? आणि द्राक्षं विकत घेता, त्या शेतकऱ्याशी करार किती वर्षांचा?’’ उत्तर पटलं, तर बाटली बिनधास्त घ्या.