एव्हरग्लेड्ससाठी जलाशय

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्स ही विस्तीर्ण पाणथळ भूमी आहे. पूर्वी ओकिचोबी सरोवर भरून वाहिले की पाणी संथपणे दक्षिणेला पसरत जाई. विसाव्या शतकात बंधारे व कालवे झाले, मधल्या जमिनीवर ऊस उभा राहिला आणि ही वाट अडली. जादा पाणी कालव्यांतून पूर्व-पश्चिमेच्या खाड्यांत सोडले जाऊ लागले. 2016 साली तिथे विषारी शेवाळाचा हिरवा थर साचला. दक्षिणेकडे मात्र पाण्याची ओढ पडली. फ्लोरिडा उपसागराचे पाणी अधिक खारट होऊन सागरी गवत मेले.

यावर उपाय म्हणून सुमारे 10,500 एकरांचा जलाशय बांधला जात आहे. त्याची क्षमता साडेदहा टीएमसीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपल्या पानशेत धरणाएवढी. पावसाळ्यातले पाणी साठवून ते कोरड्या महिन्यांत दक्षिणेला सोडायचे.

पण नुसते पाणी पुरेसे नाही. त्यात खतांतला फॉस्फरस असतो. एव्हरग्लेड्सला तो अब्जात दहा भागांपेक्षा जास्त सोसत नाही. वाढला की मूळच्या करवती गवताच्या जागी पाणकणीस माजते. म्हणून जलाशयाला लागून 6,500 एकरांची कृत्रिम दलदल केली आहे. उथळ पाणी तिथल्या वनस्पतींमधून हळूहळू सरकते. त्यांत पाणकणीसही असते; इथे ते फॉस्फरस शोषून घेते. उरलेला बराचसा गाळात बसतो.

पाणथळ जागा जगवायची, तर पाणी वेळेवर हवे आणि स्वच्छही हवे.