श्वानांच्या डोळ्यातील कृमी आणि माश्यांद्वारे होणारा प्रसार

हरियाणातील मानेसर हे अरवलीच्या रांगांलगतचे औद्योगिक शहर. नॅशनल सिक्युरिटी गार्ड या दलाचा तळ व श्वानपथकही येथेच आहे. कामाच्या श्वानाला नाकाइतकाच डोळाही महत्त्वाचा. मात्र त्यातून पाणी वाहू लागले, की दोष प्रथम धुळीला दिला जातो. त्यामागे 'थेलाझिया कॅलिपीडा' हा गोलकृमी असू शकतो.

या कृमीचे प्रथम वर्णन १९१० मध्ये झाले, तेही अविभाजित पंजाबातील रावळपिंडीच्या एका श्वानाच्या डोळ्यातून मिळालेल्या नमुन्यावरून. त्याला 'पौर्वात्य नेत्रकृमी' म्हणतात. हे नाव आता अपुरे ठरते, कारण १९८९ मध्ये तो इटलीत आढळला आणि पुढे युरोपातील अनेक देशांत पसरला.

सुमारे एक ते दोन सेंटिमीटर लांबीचे हे पांढुरके, धाग्यासारखे कृमी तिसऱ्या पापणीखाली राहतात. मादी अंडी न घालता अश्रूंमध्ये सूक्ष्म अळ्या सोडते. अश्रू चाटणाऱ्या माशीच्या पोटात त्या जातात, दोन ते तीन आठवड्यांत तिच्या शरीरात वाढून सोंडेपर्यंत पोहोचतात आणि माशी दुसऱ्या डोळ्यावर बसली की तेथे उतरतात. ही माशी डासाप्रमाणे दंश करीत नाही. युरोपात हे काम 'फॉर्टिका' या फळमाशीसदृश कीटकाचे, तेही प्रामुख्याने नराचे असल्याचे दिसून आले आहे. रोगवाहक म्हटला की मादी, हे डासावरून बनलेले समीकरण येथे लागू पडत नाही! गुरांच्या डोळ्यातील 'थेलाझिया रोडेसी' हा कृमी मात्र वेगळा. तो घरमाशीच्या कुळातील माश्यांमार्फत पसरतो.

लाली, चिकट स्राव, पापण्या मिटून घेणे ही लक्षणे. उपेक्षा झाल्यास पारपटलावर व्रण पडून दृष्टी धोक्यात येते. मनुष्यही यातून सुटलेला नाही. भारतात १९४८ मध्ये सेलम येथील रुग्णाची नोंद झाली. नंतर आसाम, मणिपूर, हिमाचल प्रदेश व कर्नाटकातूनही रुग्ण नोंदले गेले. श्वानाच्या स्पर्शाने हा रोग होत नाही, मध्ये माशी लागतेच. त्यामुळे श्वानाला हाकलून देण्याने काहीच साधत नाही.

भूल देणारे थेंब घालून चिमट्याने कृमी काढणे हा मुख्य उपचार आहे. श्वानांसाठी मॉक्सिडेक्टिन व मिल्बेमायसिन ही औषधेही वापरली जातात. आयव्हरमेक्टिन मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देऊ नये; कोली जातीच्या अनेक श्वानांना ते जनुकीय दोषामुळे घातक ठरते.