पर्युषणाचा नववा दिवस

श्रावण सरत आला म्हणजे आमच्या बुऱ्हाणपूरच्या धान्यबाजारात दरवर्षी एक मौजेचा पालट दृष्टीस पडतो. पेढ्यांच्या ओळीसमोरील पानाच्या टपऱ्यांवर आठ दिवस मंदी येते. जे गृहस्थ एरवी दिवसाकाठी बिडीचे एक बंडल सहज संपवितात, सौदा जमला तरी ओढतात आणि मोडला तरी ओढतात, ते पर्युषणाचे आठही दिवस बिडीला स्पर्श करीत नाहीत. आमचे दिगंबर बंधू दशलक्षण पर्वाचे दहा दिवस तसेच निभावून नेतात. मग संवत्सरीचे प्रतिक्रमण होते, ‘मिच्छामि दुक्कडम्’ होते, नववा दिवस उजाडतो, पारण्याचे मुगाचे पाणी घशाखाली उतरते न उतरते तोच तेच गृहस्थ त्याच टपरीसमोर उभे असतात. टपरीवाल्याला हे इतके ठाऊक असते की, त्या सकाळी तो दुकान अंमळ लवकरच उघडतो.

आम्ही पडलो व्यापारी. सबब या गोष्टीकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहण्याची अनुज्ञा वाचकबंधूंनी आम्हांस द्यावी. तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य धुरावाटे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदू त्याला सरावतो. ते एकाएकी बंद केले म्हणजे चिडचीड, अस्वस्थता, निद्रानाश, अतिशय भूक, मन एकाग्र न होणे हे सारे प्रकार सुरू होतात. वैद्यकशास्त्राचा अनुभव असा की, हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असतो, पुढे उतरू लागतो आणि साधारणतः तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. म्हणजे आठ दिवस बिडी वर्ज्य करणाऱ्याने घाटातील सर्वांत अवघड चढण चढून संपविलेली असते. नवव्या दिवशी जो पुन्हा बिडी पेटवितो, त्याने मालाचे बहुतेक पैसे रोख मोजले आणि माल दुकानातच ठेवून तो घरी परतला, असेच म्हणावे लागेल. शिवाय पुढील वर्षी तेच पैसे तो पुन्हा मोजणार! आमच्या बाजारात असा सौदा कोणी केला तर त्याला वेड्यात काढतील.

येथे कोणी म्हणेल की, संकल्पच दुबळा असतो. आम्हांला हे मान्य नाही. ज्या माणसाने छत्तीस तासांचा चौविहार उपवास पाण्याचा थेंबही न घेता केला, ज्याने अठ्ठाई केली, त्याच्या संकल्पशक्तीस दुबळे कसे म्हणावे? गोदामाचेच पाहा. बारदानाच्या थप्प्यांजवळ ठिणगी नको म्हणून गोदामात बिडीला सक्त मनाई असते, आणि हंगामात चार-चार तास मोजमाप चालले असता अट्टल ओढणाराही तेथे हूं की चूं न करता उभा राहतो. शक्ती आहे, मुदत चुकते आहे. पच्चक्खाण आठ दिवसांचे घेतले, मन आठच दिवस मोजीत राहिले, आणि मुदत संपताच घरच्यांनीच हसत-हसत म्हटले, ‘झाले बरे तुमचे पर्युषण!’

यावर आम्हांस सुचणारा उपाय आपल्या परंपरेतच आहे. चातुर्मासाचे पन्नास दिवस गेल्यावर संवत्सरी येते व पुढे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सत्तर दिवस उरतात, ही गणना आपल्यापैकी प्रत्येकाने व्याख्यानात ऐकलेली आहे. बिडीचे पच्चक्खाण संवत्सरीपर्यंत न घेता कार्तिकी पौर्णिमेपर्यंत घ्यावे. त्या सत्तर दिवसांत शरीराचा तगादा तर मिटतोच, पण त्याहून चिवट जो प्रसंगांचा तगादा, त्याचीही एकेक हुंडी वटविता येते. चहानंतरची बिडी, जेवणानंतरची, खंडव्याच्या गाडीची वाट पाहतानाची, दिवाळीत वहीपूजनानंतर मित्रमंडळींत बसून ओढावयाची, अशा प्रत्येक प्रसंगाला एकदा तरी बिडीविना तोंड दिल्याखेरीज तो प्रसंग माणसाला सोडीत नाही. आठ दिवसांत हे प्रसंग येतात तरी किती? त्या दिवसांत माणूस उपाश्रयात अधिक आणि पेढीवर कमी असतो.

आता घरच्या मंडळींविषयी लिहावयाचे आहे, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तेच होय. या कामी एक दृष्टान्त आमच्या बुऱ्हाणपूरच्याच इतिहासात आहे. अकबर बादशहाचा धाकटा पुत्र शाहजादा दानियाल दक्षिणेच्या मोहिमेवर असता येथे राहत असे. मद्याने त्याचा देह पोखरला होता. बादशहाने उपदेश केला, ताकिदी पाठविल्या. त्याचे श्वशुर अब्दुर्रहीम खानखाना, ज्यांचे दोहे आजही शाळेतील मुले म्हणतात, त्यांनी त्याच्याभोवती पहारे बसविले. शाहजादा रडू लागला, सेवकांच्या विनवण्या करू लागला. अखेर मुर्शिद कुली नावाच्या एका बंदूकधारी सेवकाने दुबार गाळलेले मद्य शाहजाद्याच्या आवडत्या बंदुकीच्या नळीत भरून आत नेले. नळीतील दारूगोळ्याची काजळी व लोखंडाचा गंज त्यात उतरला होता. ते पिऊन दानियाल अंथरुणास खिळला आणि पुढे मरण पावला. सन १६०५ च्या सुमाराची ही हकीकत. ती दानियालचा ज्येष्ठ बंधू जहांगीर यानेच आपल्या आत्मवृत्तात नमूद केली आहे.

आमच्या मते या कथेत दोन प्रकारचे स्नेही आहेत आणि दोघेही चुकले. एकाने पहारा बसविला. दुसऱ्याला अश्रू पाहवले नाहीत. आजही प्रत्येक घरात हेच घडते. पत्नी खिसे तपासते, मुलगा वास घेतो, आणि त्याच घरातला पुतण्या ‘काका फार तळमळतात’ म्हणून मागच्या दाराने बंडल आणून देतो. पहाऱ्याने माणूस लपविण्यात निष्णात होतो आणि दयेने तो पुन्हा जेथल्या तेथे येतो. दानियालपाशी बसून त्याची ती वाईट रात्र त्याच्याबरोबर काढणारा तिसरा स्नेही मात्र त्या हकीकतीत कोठेच दिसत नाही.

तो तिसरा स्नेही व्हावे कसे, याविषयी आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. आमचे धाकटे बंधू आमच्याच गादीवर बसतात. पस्तीस वर्षे त्यांची बिडी चालू होती. त्यांनी ती चार वेळा सोडली व चार वेळा धरली. पाचव्या खेपेस सत्तर दिवसांचे पच्चक्खाण घेतले आणि विसाव्या दिवशी एका लग्नाच्या मांडवात कोणी आग्रह करून हातात दिलेल्या बिडीचे दोन झुरके ओढले. घरी येऊन त्यांनी हे पत्नीला स्वतःहून सांगितले. भावजयीने रागाचा एक शब्द उच्चारला नाही. ‘दोनच ना? बाकीची टाकली ना? मग उद्या एकविसावा दिवस,’ एवढेच ती म्हणाली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे खूण केली. आज त्या गोष्टीस दोन वर्षे होत आली. बंधूंना जिना चढताना अजून धाप लागते, पस्तीस वर्षांचे देणे दोन वर्षांत फिटत नाही. पण रात्रीचा खोकला गेला आहे आणि नातू त्यांच्या मांडीवर येऊन बसतो, जो पूर्वी वासाने दूर पळत असे.

भावजय शास्त्र शिकलेली नाही, परंतु तिने जे केले ते शास्त्राला धरूनच होते. आपल्या आचार्यांनी व्रतभंगाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. बिडीची इच्छा मनात उठली, हात खिशाकडे वळला, एक झुरका ओढला, आणि पुन्हा रोजचे बंडल सुरू झाले, अशा त्या चार पायऱ्या समजाव्या. पहिल्या तिन्हींवरून माणसाला परत फिरता येते. त्यासाठीच आलोचना आणि प्रायश्चित्त सांगितले आहे. घरची माणसे मात्र पहिल्याच पायरीला चौथी समजून ‘तुमच्याने काही व्हायचे नाही’ असे बोलून जातात. ते वाक्य ऐकून माणूस उरलेल्या पायऱ्या झपाझप उतरतो. बहुतेकांना एकाच प्रयत्नात यश येत नाही, ही डॉक्टरांचीही साक्ष आहे. मागील प्रयत्न फुकट गेला असे न समजता तो कोणत्या प्रसंगी मोडला हे लिहून ठेवावे; बुडीत खात्यातूनही व्यापारी काही शिकतोच की.

काही बारीक-सारीक गोष्टी. पहिल्या आठवड्यात घरचा कर्ता पुरुष ताटावरून उठून गेला, मुलांवर ओरडला, तर तो त्याचा स्वभाव नसून निकोटीन उतरत असल्याचे लक्षण समजावे व लग्नाची बोलणी, वाटणीचे विषय त्या आठवड्यात काढू नयेत. चहा निम्म्यावर आणावा, कारण धूम्रपान थांबले म्हणजे चहातील उत्तेजक द्रव्य शरीरात पूर्वीपेक्षा अधिक वेळ टिकते आणि झोप उडते. लवंग, बडीशेप, धणाडाळ जवळ ठेवावी. तीव्र तल्लफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हात-पाय गुंतवावे, सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे तर पुरून उरतात. ज्यांना उठल्याबरोबर अर्ध्या तासाच्या आत बिडी लागते, त्यांची सवय खोल रुजलेली असते; त्यांनी केवळ निग्रहावर न विसंबता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निकोटीनची च्युइंगम मिळते, गोळ्याही आहेत. १८००-११२-३५६ या केंद्र सरकारच्या विनामूल्य दूरध्वनीवर प्रशिक्षित मंडळी बोलतात. औषध घेतले म्हणजे व्रत कमी प्रतीचे झाले, असे समजण्याचे कारण नाही.

पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा स्वतंत्र गट चालविला जातो. घरच्या माणसालाही उपचाराइतकाच आधार लागतो, हे ज्यांनी ओळखले त्यांचे आम्हांला फार कौतुक वाटते. भावजयीच्या त्या सत्तर दिवसांची विचारपूस आमच्या घरातही फारशी कोणी केली नव्हती.

एक भ्रम मात्र वेळीच दूर केला पाहिजे. बिडी सोडून तंबाखू-चुना किंवा गुटखा धरणे म्हणजे बिडी सोडणे नव्हे. त्याने मुखाचा कर्करोग होतो. आमच्या मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. देशात हे पाऊल प्रथम याच राज्याने उचलले. तरी पुडी कोठे मिळत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे! आणि माजघरातील मशेरीचे काय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू सेवन करणारे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण १४.२ टक्के होते. पुरुषाच्या बिडीवर घरात चर्चा तरी होते. आजीच्या मशेरीच्या डबीला सगळे दंतमंजन म्हणतात.

‘साठी उलटली, आता सोडून काय लाभ?’ हा प्रश्न आमच्या वयाचे स्नेही नेहमी विचारतात. याचे उत्तर इंग्लंडातील डॉक्टरांनी आकड्यांत दिले आहे. तेथे १९५१ पासून पन्नास वर्षे हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाचा हिशेब ठेवण्यात आला व २००४ साली तो प्रसिद्ध झाला. धूम्रपान तिशीत सोडणाऱ्यास सुमारे दहा वर्षांचे, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यासही सुमारे तीन वर्षांचे अधिक आयुष्य मिळते. तीन वर्षांत एका नातवंडाचे लग्न पाहून होते, आणखी काय हवे?

आता आपल्या धंद्याकडे वळू. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर या देशात आली, म्हणूनच आपल्या प्राचीन सप्तव्यसनांच्या यादीत तिचे नाव नाही. आचार्य तुलसींनी १९४९ साली अणुव्रत आंदोलन सुरू केले, त्याच्या आचारसंहितेत मात्र मादक पदार्थांबरोबर तंबाखूचाही त्याग सांगितला आहे. अकबराच्या दरबारात तंबाखू व चिलीम प्रथम नेली ती असद बेग या सरदाराने, विजापूरहून. राजवैद्याने तिला विरोध केला. बादशहाने एक-दोन झुरके घेऊन ती बाजूस ठेवली, सवय लावून घेतली नाही. परंतु असद बेग पुढे लिहितो की, त्यानंतर व्यापारी ती विकू लागले आणि सवय झपाट्याने पसरली. १६१७ साली जहांगीराने मनाईचा हुकूम काढला तोही फोल ठरला. वैद्य हरला, बादशहा हरला, जिंकला तो आमचा व्यापारीवर्ग! हे वाचून आमची मान खाली गेली. आपल्यापैकी कोणी तंबाखूचा व्यापार करीत नसेलही. पण पेढीवर गिऱ्हाईक आले की पान-सुपारीच्या तबकात बिडी-सिगारेट ठेवणारे, आणि हमालाला मजुरीबरोबर ‘घे बिडीला’ म्हणून सुटे पैसे देणारे आपणच आहोत.

हमालांचीच गोष्ट घ्या. बाजारात विश्रांतीला ‘बिडी पिण्याची सुट्टी’ म्हणतात. जो बिडी ओढतो तो पोते उतरवून दहा मिनिटे बसतो, त्याला कोणी हटकत नाही; जो ओढत नाही तो नुसताच बसला तर मुकादम हाक मारतो. म्हणजे विसावा हवा असेल तर बिडी पेटविलीच पाहिजे, असा हा न लिहिलेला कायदा झाला. आमच्या पेढीवर गेल्या वर्षापासून सकाळी अकराला व दुपारी चारला सर्वांना दहा-दहा मिनिटांची सुट्टी आणि गूळ-फुटाणे दिले जातात. मुकादमाला तशी ताकीद आहे. खर्च फारसा नाही आणि तोलाईच्या कामात खोटी झाली नाही. अकरा हमालांपैकी तिघांनी बिडी सोडली. त्यांपैकी एकाने होळीनंतर पुन्हा धरली. परवा तो स्वतःच मुनीमजींकडे येऊन कार्तिकी पौर्णिमा यंदा किती तारखेस आहे ते विचारून गेला.