मूत्रपिंडाची पहिली सूचना

जळगावच्या डाळ गिरणीत काम केलेल्या माणसाला चाळणीचे महत्त्व सांगावे लागत नाही. चाळण शाबूत असेतो चुणी खाली पडते आणि डाळ वर राहते. जाळी जरा फाटली, की चुणीच्या ढिगात डाळीचे चार दाणे दिसू लागतात. जाणता कामगार ते चार दाणे पाहूनच यंत्र थांबवितो. मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडांची गोष्ट अशीच आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांचे दवाखान्याचे कागद वाचता वाचता. त्यातूनच एक गोष्ट कळली, आणि ती उशिरा कळली याचे दुःख आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म चाळण्या असतात. त्या दोहोंतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. बहुतेक सारा रक्तात परत जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि रक्तदाब यांनी ही जाळी विरते, आणि रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते. हेच ते डाळीचे चार दाणे. या वेळी माणसाला काहीही दुखत नाही.

धुळ्याचे आमचे एक सहकारी यंत्रमागावर उभे राहून म्हातारे झाले. अंगाने काडी. मधुमेहाला बरीच वर्षे झाली होती. दरवर्षी रक्तातील क्रिएटिनिन तपासले जाई आणि कागदावर ‘नॉर्मल’ असे येई. लघवीतील अल्ब्युमिन तपासा, असे त्यांना कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. पायांवर सूज आली तेव्हा फार उशीर झाला होता.

असे का व्हावे? क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी शक्ती जाईपर्यंत त्याचा आकडा मर्यादेत राहू शकतो. ज्याच्या अंगावर स्नायूच कमी, त्याचा आकडा तर आणखी फसवा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की दिसायला बारीक असलेल्या आपल्या माणसांत स्नायू कमी व चरबी अधिक असते. म्हणून बारीक माणसालाही मधुमेह होतो. आणि त्याच बारीक माणसाला क्रिएटिनिनचा आकडा खोटा दिलासा देतो, हे आमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत आम्ही पाहिले.

यासाठी दोन तपासण्या बरोबर हव्यात. पहिली, सकाळच्या लघवीतील अल्ब्युमिनची. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅमच्या आत असावे. ३० ते ३०० म्हणजे इशारा. ३०० च्या वर म्हणजे जाळी बरीच फाटली. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा अतिश्रम यांनीही आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून काही महिन्यांत तपासणी पुन्हा करावी. दुसरी, क्रिएटिनिनवरून वय व लिंग लक्षात घेऊन काढलेला गाळण्याचा वेग. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडाचा विकार समजावा. काहींच्या बाबतीत प्रथिन झिरपत नसतानाही हा वेग घटतो. म्हणून एकीवर भागत नाही. स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले सिस्टॅटिन-सी मोजण्याचीही सोय आहे, पण ती महाग पडते.

वेळीच कळले तर उपाय आहे. साखर व रक्तदाब आवरणे हा पहिला. रक्तदाबाची काही औषधे मूत्रपिंडांना जपतात, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी नवी औषधेही तेच करतात, हे २०१९ मध्ये दिसून आले. आणि अंग दुखते म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेण्याची सवय मोडलीच पाहिजे. खानदेशच्या उन्हाळ्यात घामाने सुकलेल्या शरीराला ती अधिकच बाधते.

२०१६ पासून गरिबांसाठी मोफत डायलिसिसची केंद्रीय योजना आहे. परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास यंत्राला जोडलेल्या माणसाचा रोज कोण भरून देणार? म्हणून मागणीपत्रात वेतन आणि बोनस यांच्या खाली आम्ही आता एक ओळ लिहितो: मधुमेह कळल्या दिवशी, आणि पुढे दरवर्षी, दोन्ही तपासण्या. आपणही घरी जाऊन आपला शेवटचा कागद काढून पाहा. त्यात लघवीचा आकडा नसेल, तर तो ‘नॉर्मल’ कागद अर्धाच आहे.