पकडलेली नौका आणि न सापडलेला मालक

फैजपूरपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही आपल्याकडच्या बाजारांत सुके बोंबील आणि सुकट मिळते. ही मासळी कोणी पकडली, हे आपण क्वचितच विचारतो. तिच्यामागे पैसा कोणाचा, हे तर विचारतच नाही. बेकायदा यांत्रिक मासेमारीचे मूळ मात्र या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

प्रथम जाळ्याविषयी. पर्ससीन जाळे माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखे उभे सोडतात. त्याच्या तळाशी कड्या असतात व त्यांतून दोर ओवलेला असतो. दोर ओढला की बटव्याची नाडी ओढल्याप्रमाणे जाळ्याचा तळ मिटतो आणि तारली किंवा बांगड्याचा सबंध थवा आत अडकतो. त्यात प्रखर एलईडी दिव्यांची भर पडली, की अंधारात दूरवरचे मासेही उजेडाकडे येतात. त्यांत अजून एकदाही अंडी न घातलेले लहान मासे असतात. म्हणजे मुदलालाच हात लागतो.

म्हणूनच महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. राज्याच्या १९८१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन एलईडी मासेमारीसाठी ५ ते २० लाख रुपये दंड ठरला.

मग हा प्रकार थांबत का नाही? एक साधे गणित करून पाहू. आकडे कल्पित आहेत. समजा, प्रत्येक बेकायदा फेरीत ५० हजार रुपये जादा सुटतात आणि ५० फेऱ्यांत नौका एकदाच पकडली जाते. ५० फेऱ्यांची जादा कमाई २५ लाख झाली. त्यातून कमाल २० लाख दंड भरला तरी ५ लाख उरतात! अशा वेळी दंड ही शिक्षा राहत नाही, तो धंद्याचा खर्च होतो.

परंतु हे गणित सर्वांना सारखे लागू पडत नाही. ज्याची एकच नौका आहे, तो पहिल्याच फेरीत पकडला गेला तर कायमचा बुडतो. ज्याने दहा नौकांत पैसा गुंतवला आहे, त्याच्यासाठी मात्र सरासरीचा नियम काम करतो. एकीचे नुकसान नऊ नौका भरून काढतात. म्हणून धोका पत्करण्याचे बळ खलाशाकडे नसून भांडवलाकडे असते. कागदोपत्री नौका दुसऱ्याच्याच नावावर असेल, तर हा भांडवलदार दिसतही नाही. गिरणेच्या पात्रातून चोरट्या वाळूचा ट्रॅक्टर पकडला जातो, तेव्हा पहिल्यांदा चालकच सापडतो. समुद्रावरही तसेच घडते.

जगाच्या पाठीवर हे किती थराला जाते, याचे उदाहरण म्हणजे 'थंडर' हे जहाज. दक्षिण महासागरात बेकायदा मासेमारी करणाऱ्या या जहाजाने वर्षानुवर्षे नावे आणि झेंडे बदलले होते. 'सी शेफर्ड' या संस्थेच्या जहाजाने डिसेंबर २०१४ पासून ११० दिवस त्याचा पाठलाग केला. ६ एप्रिल २०१५ रोजी ते साओ टोमेजवळ बुडाले. कप्तान आणि दोघा अभियंत्यांना तेथील न्यायालयाने शिक्षा दिली. खरा मालक मात्र कागदी कंपन्यांच्या आड होता. स्पेनने २०१४ च्या अखेरीस आपला कायदा बदलला होता. जहाजावर झेंडा कोणत्याही देशाचा असो, त्याच्या बेकायदा मासेमारीतून कमावणाऱ्या आपल्या नागरिकाला दंड करता येईल, अशी ती तरतूद होती. त्याच आधारे पुढे 'थंडर'मागच्या लोकांवर कारवाई झाली.

या उदाहरणातून उपाय स्पष्ट होतो. केवळ नौकेची नोंद पुरेशी नाही. नफा शेवटी कोणाच्या हाती जातो, त्याचीही नोंद हवी. दंडही त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे.

वरचे गणित शिक्षकांनी वर्गात जरूर द्यावे. नौका ५० ऐवजी १० फेऱ्यांत एकदा पकडली गेली तर काय होईल? किमान ५ लाख दंड धरला तरी पाच वेळा मिळून २५ लाख होतात आणि सगळी जादा कमाई संपते. दंड वाढवणे आणि पकडले जाण्याची शक्यता वाढवणे, यांत अधिक परिणामकारक काय? आणि दोन्ही केले, पण दंड भरणारा खलाशीच राहिला, तर? या शेवटच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांना थोडा अधिक वेळ द्यावा.