खाजगी माहितीची राखण : आपली आणि आपल्या शेजाऱ्याचीही

धर्मग्रामात पहिल्या कम्युनियनचा सोहळा होतो. मिस्सा आटोपून पाहुणे जेवायला बसण्यापूर्वीच शुभ्र वस्त्रांतील मुलांची छायाचित्रे शेकडो मोबाइलवर पोहोचलेली असतात. खाली कौतुकाने मुलाचे पूर्ण नाव, शाळा, इयत्ता, क्वचित जन्मतारीखही लिहिलेली असते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु एवढी माहिती एकत्र हाती आली की एखाद्या परक्या माणसालाही त्या कुटुंबाशी ओळख असल्याचे सहज भासवता येते. म्हणूनच समाजमाध्यमांवर आपण कोणती माहिती देतो आणि ती कोणाला दिसते, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करणे अगत्याचे आहे.

३३५ जणांची गोष्ट

२०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण जगभर गाजले. फेसबुकवर व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक ॲप होते. ते घेणाऱ्या माणसाबरोबरच त्याच्या फेसबुकवरील मित्रांचीही माहिती त्या ॲपला मिळत असे. फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार भारतात हे ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते. मात्र ज्यांची माहिती त्यामुळे बाहेर गेली असण्याची शक्यता होती, अशा भारतीयांची संख्या ५ लाख ६२ हजारांहून अधिक होती. मित्रांची माहिती अशा प्रकारे देण्याची सोय फेसबुकने २०१५ पर्यंत बंद केली; तोवर माहिती निघून गेली होती. आपली खाजगी माहिती आपल्या एकट्याच्या हाती नसते, हा या प्रकरणाचा धडा आहे. आपण जपतो, पण आपला मित्र उधळतो. आणि कधी आपणच मित्राची उधळतो.

घरी बसून करण्याजोगे उपाय

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' हा विभाग आहे. आपले छायाचित्र आणि आपण शेवटी केव्हा ऑनलाइन होतो, हे सर्वांना दिसावे की केवळ ओळखीच्यांना, हे तेथे ठरवता येते. आपल्याला कोणत्याही ग्रुपमध्ये कोणी घालावे, हेही तेथेच ठरते. ते 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवावे. ग्रुपमधील सभासदांना आपला दूरध्वनी क्रमांक दिसतो, हे ध्यानात असू द्यावे. 'अकाउंट' विभागातील 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून सहा आकडी पिन ठरवावा. तसेच एसएमएसने आलेला सहा आकडी कोड कोणालाही सांगू नये. तो मिळाल्यास भामटे आपले खाते बळकावून आपल्याच नावाने आप्तेष्टांकडे पैसे मागू शकतात.

फेसबुकवर प्रत्येक मजकुरासाठी 'पब्लिक', 'फ्रेंड्स' किंवा 'ओन्ली मी' असा पर्याय निवडता येतो. पूर्वी सर्वांसाठी खुला ठेवलेला मजकूर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' या सोयीने एकदम मित्रांपुरता मर्यादित होतो. जन्मतारीख आणि मित्रयादी झाकून ठेवावी. 'ॲप्स अँड वेबसाइट्स' या विभागात गेल्या काही वर्षांत आपण परवानगी दिलेली ॲप्स दिसतात. अनावश्यक असतील ती काढून टाकावीत.

कायदा कोठवर येतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती त्यात आवश्यक मानली आहे. परंतु दोन गोष्टी या कायद्याच्या बाहेर आहेत : एखाद्याने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला वापर, आणि ज्याची त्याने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती. मावशीने भाच्याचे छायाचित्र पाठवले तर हा कायदा तेथे येणार नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच कामी यावी लागते.

चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातील २२० वे कलम, कोणाच्याही सुकीर्तीला बेकायदा बाध आणू नये आणि त्याच्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग करू नये, असे सांगते. हे कलम आपल्या रोजच्या व्यवहाराला लागू पडते. प्रार्थनेची विनंती म्हणून रुग्णाचे नाव, आजार आणि खाटेवरील छायाचित्र ग्रुपवर येते. त्या रुग्णाला ते रुचेल का, हे कोणी विचारलेले नसते. आजाराचे नाव न घेताही प्रार्थना करता येते. स्नानसंस्काराचा दाखला किंवा आधार कार्डाची प्रतही ग्रुपवर न टाकता ज्याला हवी त्यालाच द्यावी.

तेव्हा दुसऱ्याचे छायाचित्र वा माहिती पाठवण्यापूर्वी त्या व्यक्तीला आणि मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या. मूल जाणते असेल तर त्यालाही विचारावे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झालीच, तर संकोच न करता तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. घराचे दार आपण रात्री आठवणीने लावतो. मोबाइलचे दार लावताना शेजाऱ्याचेही दार उघडे राहिले नाही ना, हे पाहणे हा शेजारधर्मच होय.