डब्लिनचं परसदार

डब्लिनला शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींचा आठवडा साधारण ठरलेला असतो. पाच दिवस कॉलेज आणि असाइनमेंट्स, मधल्या वेळेत पार्टटाइम नोकरी. स्टुडंट परवान्यावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यामुळे पैसेही मोजकेच. रविवार जातो कपडे धुण्यात, भाजी आणण्यात आणि घरी व्हिडीओ कॉल करण्यात. ‘तिकडचं काही बघितलंस की नाही?’ हा आईचा प्रश्न आणि ‘बघू गं, पैसे साठले की जाऊ’ हे उत्तर, दोन्ही पाठ झालेले. डोक्यात असतात ते क्लिफ्स ऑफ मोहर. ते पार पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे तिकीट, हॉस्टेल, दोन दिवसांची सुट्टी असा सगळा घाट घालावा लागणार.

पण डब्लिन शहर दक्षिणेला जिथे संपतं, तिथेच विकलो सुरू होतं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. विकलो काउंटीला सगळे ‘गार्डन ऑफ आयर्लंड’ म्हणतात. डोंगर, तळी, धबधबे, समुद्र, जुनी मठ-मंदिरं असं सगळं एकाच काउंटीत, आणि सकाळी निघून रात्री जेवायला घरी परत येता येईल इतकं जवळ. शिवाय यातल्या बऱ्याच जागांना तिकीटच नाही. मग अडतं कुठे? अडतं ते पोहोचण्यात. आणि पोहोचल्यावर कसं वागायचं, यात. या दोन गोष्टी जमल्या, तर विकलोसारखं स्वस्त आणि मस्त ठिकाण नाही.

दोन तळ्यांची दरी

पहिली फेरी ग्लेंडलॉखचीच करावी. नावाचा अर्थच ‘दोन तळ्यांची दरी’. डब्लिनच्या मध्यवस्तीतून थेट तिथे जाणारी खासगी बस आहे. दिवसात तिच्या फेऱ्या अगदी मोजक्या, त्यामुळे चढण्याआधी परतीची वेळ बघून ठेवायची. ही बस चुकली तर दुसरी पाच मिनिटांत येत नाही.

सहाव्या शतकात केव्हिन नावाचा संन्यासी एकांत शोधत या दरीत आला. त्याच्यामागून शिष्य आले आणि एकांताच्या जागी भलामोठा मठ उभा राहिला. आज तिथे पडकी चर्चेस, दफनभूमी आणि सुमारे ३० मीटर उंचीचा गोल मनोरा आहे. मनोऱ्याचं दार जमिनीपासून चांगलं साडेतीन मीटर वर आहे. पहिल्यांदा बघणारा चक्रावतो, की आत जायचं कसं? तर शिडी लावून. हा मुळात घंटेचा मनोरा. शिवाय लांबून येणाऱ्या यात्रेकरूंना खूण, मौल्यवान वस्तूंचं कोठार, आणि वेळ आलीच तर लपायची जागा. त्याचं टोकदार छप्पर १८७६ मध्ये जुनेच दगड वापरून पुन्हा बांधलं. मठात शिरताना दोन दगडी कमानींचं प्रवेशद्वार लागतं. आयर्लंडमधल्या जुन्या मठांपैकी असं प्रवेशद्वार फक्त इथेच टिकलंय, म्हणून तिथे जरा थांबा. नाहीतर सगळे सेल्फी घेत मनोऱ्याकडेच पळतात. माहिती केंद्राला तिकीट आहे, पण मठाचे अवशेष बघायला काहीही लागत नाही.

पुढे सपाट वाटेने दोन्ही तळी. कधीकाळी हे एकच लांबलचक तळं होतं. पोलानास नावाच्या ओढ्याने वरून आणलेला गाळ मध्ये साचत गेला आणि तळ्याचे दोन तुकडे झाले. वरच्या तळ्याच्या पलीकडच्या टोकाला खाण कामगारांच्या पडक्या घरांचे अवशेष आहेत. शिशाच्या खाणींचं हे गाव. म्हणजे ज्या दरीला आपण ‘अनटच्ड नेचर’ म्हणून स्टोरीवर टाकतो, तिथे दीडेकशे वर्षं लोक दगड फोडून पोट भरत होते.

फळ्यांच्या वाटेची गोष्ट

पायांत दम असेल तर वरच्या तळ्याच्या कड्यावर चढणारी ‘स्पिंक’ची वाट आहे. पूर्ण फेरी सुमारे ९ किलोमीटरची, तीन-साडेतीन तासांची. सुरुवातीला सहाशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्या घाम काढतात. पण वर आल्यावर खाली काळंशार तळं आणि समोर उघडे डोंगर दिसले, की सगळं वसूल.

या वाटेवर लांबच लांब लाकडी फळ्या टाकल्यात. रेल्वेचे जुने स्लीपर आहेत ते, घसरू नये म्हणून त्यांवर जाळी ठोकलेली. आपल्याला वाटतं, ही टुरिस्टची सोय. खरं तर ती सोय आहे पायाखालच्या ‘बॉग’ची. बॉग म्हणजे पाणथळ जमीन, जिथे शेवाळ आणि गवत पूर्ण न कुजता थरावर थर साचत जातं. त्याला पीट म्हणतात. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे फोटोसाठी फळीवरून उतरून बुटाने दहा सेंटिमीटरचा खड्डा केला, तर तो भरायला शंभर वर्षं. त्यात शेकडो लोक रोज तेच करणार. एकदा वरचं गवत गेलं, की पाऊस खालचा पीट धुऊन नेतो आणि डोंगरावर काळा ओघळ उरतो. म्हणून नियम एकच. चिखल असला तरी वाट सोडायची नाही. बूट धुता येतात.

डार्ट पकडा, समुद्र गाठा

बसचं गणित नको असेल, तर डार्ट आहे. डार्ट म्हणजे डब्लिनची लोकल. मुंबईकरांना लगेच आपली वाटेल, फक्त आत बसायला जागा मिळते! डार्टने किनाऱ्याकिनाऱ्याने ब्रे गाठायचं. स्टुडंट लीप कार्ड असेल तर भाडंही कमी पडतं. ब्रेच्या किनाऱ्यावर वाळूपेक्षा गोटे जास्त, पण चालायला लांब फरसबंदी आणि हातात कागदात गुंडाळलेले गरम चिप्स असले की अजून काय हवं?

ब्रेपासून ग्रेस्टोन्सपर्यंत कड्याच्या पोटातून जाणारी सुमारे ७ किलोमीटरची वाट फार प्रसिद्ध आहे. पण दरड कोसळल्यामुळे ती गेल्या काही वर्षांत बंद ठेवावी लागली. त्यामुळे निघण्याआधी ताजी स्थिती तपासा. जुने रील्स बघून जाऊ नका, आणि कुंपण ओलांडून तर अजिबात नको. याच कड्याला धरून रेल्वेचा मार्ग जातो. समुद्र कडा खात गेला, तसे हे रूळ एकोणिसाव्या शतकापासून अनेकदा आत सरकवावे लागले. जिथे रेल्वेने माघार घेतली, तिथे आपण कुंपणावरून उडी मारण्यात कसलं शौर्य? ब्रे हेडच्या माथ्यावर मोठा क्रॉस आहे, तिथवरची चढण छोटी आणि नजारा तोच.

टिळकांच्या होमरूलचं आजोळ

तिसरी फेरी रॅथड्रमची. डब्लिनहून रॉसलेअरला जाणारी ट्रेन इथे थांबते. स्टेशनापासून जवळच अ‍ॅव्हनडेल आहे, चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेलचं जन्मघर. पार्नेलचा जन्म १८४६ चा. आयर्लंडला स्वतःचा कारभार स्वतः करू द्या, या ‘होमरूल’च्या मागणीचा तो सर्वांत मोठा नेता. नाव ओळखीचं वाटतंय ना? लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली, तो शब्द याच आयरिश चळवळीतून आला. शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलेल्या शब्दाचं मूळ गाव असं अचानक समोर येतं.

अ‍ॅव्हनडेलची दुसरी ओळख झाडांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये जंगल उरलं होतं जेमतेम एक टक्का. १९०४ मध्ये सरकारने ही इस्टेट घेतली आणि जगभरातली झाडं लावून कुठली इथे तगतात याचे प्रयोग सुरू केले. आज देशात जंगल साधारण ११-१२ टक्के आहे, त्याची शाळा ही. २०२२ मध्ये इथे झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी लाकडी वाट आणि ३८ मीटर उंच मनोरा सुरू झाला. पायऱ्यांऐवजी हळूहळू चढणारा उतार आहे, त्यामुळे व्हीलचेअरही वर जाते. भेटायला आलेल्या आई-बाबांचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना इथे आणा. तिकीट आहे, पण त्यांच्यासाठी तेवढं चालतं.

गाडी मिळालीच तर

चार-पाच जणांत भाड्याची गाडी परवडते. मग सॅली गॅपचा रस्ता करायचा. दोन्ही बाजूंना माळरान, ऑगस्टमध्ये हेदरच्या फुलांनी जांभळं झालेलं. खाली लॉख टे. काळं पाणी आणि एका टोकाला पांढरी वाळू, म्हणून याला ‘गिनेस लेक’ म्हणतात. शिवाय ही जमीन गिनेस घराण्याकडेच होती. ‘व्हायकिंग्स’ मालिकेचं शूटिंग याच परिसरात झालं. तळं खासगी इस्टेटीत आहे, रस्त्यावरूनच बघायचं.

हा रस्ता मात्र टुरिस्टसाठी बांधलेला नाही. १७९८ च्या बंडानंतर मायकल ड्वायर आणि त्याचे साथीदार याच डोंगरांत लपून गनिमी काव्याने लढत होते. त्यांना पकडायला सैन्य आत घुसवता यावं, म्हणून १८०० ते १८०९ मध्ये ब्रिटिशांनी हा ‘मिलिटरी रोड’ काढला. ड्वायर डिसेंबर १८०३ मध्ये शरण आला, म्हणजे रस्ता पुरा व्हायच्या आधीच. आज त्याच रस्त्यावर आपण गाणी लावून फिरतो.

‘फुकट’चा हिशोब

विकलोमध्ये ‘एंट्री फ्री’ असं बऱ्याच ठिकाणी आहे. पण त्याचा खर्च कुणीतरी उचलतं. आयर्लंडमध्ये कुणाच्याही जमिनीवरून चालण्याचा हक्क नाही. कित्येक वाटा शेतकऱ्यांच्या परवानगीने चालू आहेत. उघडं टाकलेलं फाटक, मेंढ्यांमागे सोडलेला कुत्रा, ट्रॅक्टरच्या वाटेत लावलेली गाडी, एवढ्यावरून ती परवानगी जाऊ शकते. कोरड्या दिवसांत बार्बेक्यूची एक ठिणगी पीटला लागली, तर आग जमिनीखालून धुमसत राहते.

आणि डोंगरावर अडकलात तर? ११२ किंवा ९९९ लावून माउंटन रेस्क्यू मागायचं. येणारे लोक पगारी नाहीत, स्वयंसेवक आहेत. आपापली नोकरी-घर सोडून रात्री-अपरात्री स्ट्रेचर घेऊन चढतात. त्यांना बोलवायची लाज वाटू नये, पण वेळ येऊ न देणं आपल्या हातात आहे. सह्याद्रीत भटकलेल्यांना इथले डोंगर किरकोळ वाटतात. सर्वांत उंच लगनाक्विला ९२५ मीटर, कळसूबाई १,६४६. पण इथे धुकं दहा मिनिटांत उतरतं, वारा हाडं गोठवतो, आणि लगनाक्विलाच्या एका बाजूला लष्कराचं तोफगोळ्यांच्या सरावाचं क्षेत्र आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार. तेव्हा रेनकोट, जास्तीचा एक थर, चार्ज केलेला फोन, टॉर्च आणि डब्यात पोळीभाजी, एवढं बॅगेत हवंच. कुठे चाललोय ते रूममेटला सांगून निघा.

पैसे साठायची वाट बघू नका. पुढच्या सुट्टीला अलार्म लावा, परतीच्या बसची वेळ फोनमध्ये टाका, आणि शनिवार-रविवारची गर्दी टाळता आली तर आठवड्यातला मोकळा दिवस पकडा. दोन तळ्यांच्या दरीत अशा दिवशी केव्हिनला हवा होता तो एकांत अजूनही मिळतो.